चढ माझा, उतार दाजींचा

माझ्या दाजींनी मला फसवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मोटारसायकल दोघांची होती. चढ माझ्या वाट्याला आला, उतार त्यांच्या. आणि तो चढ कुठल्या गियरवर चढायचा, हे त्यांनी मला जाणूनबुजून खोटं सांगितलं. पुढं जे लिहितो आहे ते कसं फसवलं याबद्दल आहे. फसवलं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे.

मी दोरांचा व्यापारी. आई-वडील लवकर गेले, आक्कानं मला वाढवलं. तिचं लग्न झाल्यावर मी पलूसच्या बाजारात पोतं अंथरून कासरे, दावी, म्होरक्या असे जनावरांचे दोर विकायला बसलो. अंबाडीच्या दोराचे दिवस संपून नायलॉनचे दोर आले, तेव्हा ते आणणारा त्या भागात मी पहिला होतो. शिराळ्यात एक गाळा घेतला आणि मागची पत्र्याची खोली राहायला. कुणी उचलून दिलं नाही, कुणाची ओळख नव्हती. भाव तोडायला बसलो की समोरचा टोपी काढून घाम पुसायचा. राग नाकावर असायचा, अजून आहे.

पण एका माणसाशी मला घासाघीस करता येत नव्हती. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याशी भाव करत नाहीत. त्याला पाट द्यायचा, पंगतीत त्याच्यानंतर जेवायचं आणि तो बोलेल त्याला मान डोलवायची. त्याच्याकडून तुम्ही जे जिंकाल ते बहिणीला स्वयंपाकघरात फेडावं लागतं. हे कुणी शिकवत नाही, पण प्रत्येक भावाला माहीत असतं.

आक्काला दिलेलं गाव शिराळ्याच्या वर पठारावर होतं. चढ सांगली जिल्ह्यात सुरू व्हायचा आणि सातारा जिल्ह्यात संपायचा. तिला माहेर म्हणजे मी आणि माझी ती पत्र्याची खोली. दुसरं कुणीच नव्हतं. दाजी मिलिटरीत, घरात सासूचा कारभार. भावानं कामाशिवाय सारखं बहिणीच्या दारात जाणं बरं दिसत नाही. दिवाळीला जायचो. आक्का शेणानं भरलेले हात मागं लपवून उंबऱ्यात यायची आणि सासूसमोर एवढंच म्हणायची, "आलास व्हय? बरा हायस न्हवं?" त्यापुढं बोलायला जागाच नसायची.

एकाहत्तरची लढाई झाली, त्यानंतर दाजी पेन्शन घेऊन घरी आले. मिलिटरीत ते गाड्या चालवायचे. लष्करानं लिलावात काढलेली एक जड, हिरव्या रंगाची मोटारसायकल त्यांनी हेरली आणि मला निरोप धाडला, निम्मे पैसे तुमचे, निम्मे माझे. मी त्याच दिवशी होकार दिला. मला आठवडी बाजार करायला गाडी हवी होती, हे खरंच. पण गाडी दोघांची झाली की आठवड्याला एकदा ती नेऊन द्यायला वर जावंच लागणार, हे मी मनात धरलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. व्यापाऱ्यानं आपल्याला काय हवं आहे ते सांगायचं नसतं.

करार त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात झाला. दोन शेतकऱ्यांकडं एकेक बैल असला की पैरा करतात, जोडी आळीपाळीनं वापरतात, ती रीत आम्ही गाडीला लावली. बाजाराचे दिवस माझे, बाकीचे त्यांचे. पाळी संपली की गाडी ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यायची, आपल्या पेट्रोलवर. टाकीत किती तेल असलं पाहिजे याला दाजींनी करंजाची एक काडी तासली, चाकूनं तिला खाच पाडली आणि खुंटीला अडकवली.

"ह्या खाचंपर्यंत काडी भिजली पायजे," दाजी म्हणाले. "जाताना तुमी द्या, येताना मी देतो. रस्ता एकच, मैल तेवढंच. कसं?"

"पहिली पाळी माझी," मी म्हणालो.

"तुमची तर तुमची."

पहिली पाळी मिळाली म्हणून मी खूश होतो. रस्ता एकच आणि मैल तेवढेच, हे ऐकून मान डोलवली. दाजी गाडी खाली आणताना पठाराच्या कडेला इंजिन बंद करत आणि हँडलला लावलेली घंटी वाजवत थेट पायथ्यापर्यंत घसरत येत, हे मला पुढं कळलं. त्यांची काडी कधीच कमी भिजली नाही.

गाडी त्यांनीच मला शिकवली. शिराळ्याच्या बाहेर सपाटीवर शिकवली, आणि चढाचं तोंडी सांगितलं.

"पाव्हणं, एक ध्यानात ठेवा. चढाला गियर पाडायचा न्हाई. टॉपलाच ठेवायचा. खालच्या गियरला इंजिन बोंबलतंय, आन् बोंबलणारं इंजिन तेल पितंय. मिलिटरीत आमाला हेच शिकवलं."

मला ते लगेच पटलं. आमच्याकडे त्या वर्षांत उसाच्या मळ्यांत, विहिरींवर तेलाची इंजिनं बसली होती. त्या इंजिनांना गियर नसतो. त्यांच्याबाबतीत आवाज वाढला की तेल जास्त जातं, हे शेंबडं पोरही जाणतं. मोटारसायकल म्हणजे चाकांवरचं तसलंच इंजिन, असं मी धरून चाललो. शिवाय सांगणारा मिलिटरीतला, आणि वर दाजी. उलट विचारायची सोय नव्हती.

मग दर शनिवारी मी तो चढ टॉप गियरवर चढू लागलो. मागं उरलेल्या दोरांची बोचकी. पायथ्याच्या चहाच्या हॉटेलापाशी वेग घ्यायचा आणि चढाला भिडायचं. पहिल्या वळणापर्यंत बरं जायचं. त्यानंतर गाडीचा दम तुटायचा. इंजिन धडधड ठोके घालायचं, हँडल हातात थरथरायचं. मूठ पिळून शेवटपर्यंत न्यायची, तरी गाडी पुढं सरकायची नाही. मागून काळा धूर. थांबू नये म्हणून क्लच अर्धा दाबून रेटायचं, तर जळका वास यायचा. दुसऱ्या वळणावर इंजिन इतकं तापायचं की त्यावर हात धरवत नसे. तिथं एक करवंदीची जाळी होती. गाडी तिच्या सावलीला लावून ती निवेपर्यंत मी बसून राहायचो. मग पुन्हा लाथा मारून सुरू करायची. वरच्या वळणावर परत तेच.

पेट्रोल नुकतंच भयंकर महागलं होतं. खालून निघताना मी खाचेच्या वर चांगलं भरून निघायचो, तरी वर पोचेपर्यंत काडी जेमतेम भिजायची, कधी भिजायचीही नाही. दाजी टाकीचं झाकण उघडून काडी बुडवायचे, उन्हात धरायचे.

"बोटभर कमी हाय, पाव्हणं."

"चढ लय पितोय, दाजी."

"टॉपला ठेवली हुती न्हवं?"

"टॉपलाच."

"मग मूठ जास्त पिळत असशीला. हलकी ठेवायची. बसलं हात की जमंल."

मी बरोबर नेलेल्या बाटलीतून तेवढं ओतायचो. ते सोसवलं असतं. सोसवलं नाही ते वेगळंच. पठारावरून खाली येणारी शेवटची एसटी दिवस मावळायच्या आत सुटायची. ती चुकली तर मुक्काम, आणि त्या घरात मुक्कामाचा आग्रह कुणी करत नसे. जाळीखाली बसण्यात माझा सगळा वेळ जायचा. पोचायचो तोवर एसटीचा ड्रायव्हर हॉर्न देत असायचा. आक्का चहाची कपबशी घेऊन यायची, मी उभ्यानं बशीत ओतून प्यायचो. सासू म्हणायची, "बस की रं बाबा. पर तुझी गाडी निघाली वाटतं." मी पळायचो. मागं वळून बघितलं तर आक्का रिकामी कपबशी हातात धरून उभी असायची.

असं बरेच महिने चाललं. बाजारात मी कुणाचं ऐकून घेत नव्हतो. ज्या दिवशी चढ असायचा त्या दिवशी गिऱ्हाइकांवर जास्तच खेकसायचो. पण वर पोचलो की मान डोलवून बाटली उघडायचो.

पंचमीला आक्का माहेरी येणार होती. नागपंचमीला शिराळ्यात मुंगी शिरायला जागा नसते. गर्दीत गाडीला खरचटेल म्हणून दाजींनी तिला पायथ्यापर्यंतच सोडायचं ठरवलं आणि मी तिला न्यायला पायथ्याच्या हॉटेलात जाऊन बसलो. गाडी इंजिन बंद करून घसरत आली. आक्का मागून उतरली, नवं लुगडं सारखं केलं. दाजींनी चहा घेतला, "सांभाळून न्या गर्दीतनं," म्हणाले आणि गाडी वळवून परत वर निघाले. त्या दिवसापर्यंत मी त्यांना ती गाडी चढावर घालताना कधीच पाहिलं नव्हतं. चढाच्या वेळी गाडी नेहमी माझ्याकडंच असायची.

हॉटेलाच्या बाकावरून तो सगळा डोंगर समोर दिसतो. रस्त्याच्या घड्या एकावर एक दिसतात. एसटी यायची होती, आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. आवाज स्वच्छ येत होता.

चढ लागायच्या आधीच इंजिनाचा आवाज एकदम वर गेला. मी कान टवकारले. गाडी अडखळली नाही, ठोके नाहीत, धूर नाही. बारीक, एकसारखा आवाज. पहिलं वळण यायच्या आत तो आणखी एकदा वर चढला. वळण गेलं, आवाज खाली आला. करवंदीची जाळी त्यांनी अशी ओलांडली की तिथं थांबायचं काही कारणच नसावं. मी चहा संपवला नव्हता, तोवर गाडी पठाराच्या कडेवर जाऊन दिसेनाशी झाली.

"आक्का," मी म्हणालो, "दाजी गियर पाडत्यात."

"मग? नेमीच पाडत्यात की."

"तुला काय कळतंय गियरातलं?"

"मागं बसल्यावर कळतंय. आदी एक हिसका बसतोय, मग गाडी हलकी हुतीया. वरच्या रानाकडं बी चढच हाय, तिकडं जाताना असंच करत्यात." मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं विचारलं, "का रं? काय झालं?"

मी उठलो होतो. चालत वर जायचं आणि त्या माणसाला त्याच्या आईसमोर विचारायचं, एवढंच डोक्यात होतं. आक्कानं माझी बाही धरली. बळ लावून नाही, लहानपणी विहिरीच्या काठावर धरायची तशी.

"काय असंल ते असू दे," ती म्हणाली. "आज पंचमी हाय. मला माह्यारी ने."

मी तिला घेऊन गेलो. त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत तिनं पुरणाची दिंडं केली आणि मी काय खाल्लं ते मला कळलं नाही.

पुढच्या शनिवारी मी चढ लागायच्या आधीच गियर पाडला. आवाज वाढला, पण मूठ पाव पिळली तरी गाडी सरसर चढत होती. तेव्हा मला सगळं दिसलं. टॉपला इंजिन गुदमरतं. आपण मूठ पूर्ण उघडतो, पेट्रोलची धार लागते, पण त्याची ताकद होत नाही, नुसता धूर होतो आणि उष्णता. खालच्या गियरला इंजिन पटपट फिरतं, आवाज करतं, पण थोडक्या पेट्रोलात ओझं ओढतं. भरलेली गाडी चढाला लागली की बैल आपोआप आखूड पावलं टाकतात. जन्मभर बैलांचे कासरे विकणाऱ्या मला हे दुसऱ्यानं सांगायला नको होतं. पण मी विहिरीवरच्या इंजिनाचा हिशेब धरून बसलो होतो, आणि दाजींना तो हिशेब माहीत होता.

जाळीपाशी थांबलो नाही. ऊन वर असतानाच दारात पोचलो. एसटीला भरपूर वेळ होता. दाजींनी काडी बुडवली. खाचेच्या चांगली वर भिजली होती, कारण खाली मी सवयीनं पहिल्याइतकंच भरलं होतं. दाजींनी काडी बराच वेळ उन्हात धरली. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आज लय झ्याक आणली, पाव्हणं."

आणि खिशातून चाकू काढून त्यांनी भिजल्या जागेवर नवी खाच पाडली. "आता हितवर येतंय तर तुमाला हीच खाच धरू, माझी जुनीच ऱ्हाऊ दे. काय?"

हे त्यांनी मऊ आवाजात, हसून केलं. टॉपवर चढलो तर तेल माझं जळणार, खालच्या गियरवर चढलो तर वाचलेलं तेल त्यांचं होणार. बाजारात एखाद्यानं असं केलं असतं तर त्याचा तराजू मी रस्त्यावर भिरकावला असता. पण आतून आक्काच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी "बरं" म्हणालो.

कारण मला तास-दीड तास मिळाला होता. मी परसात गोठ्याकडं गेलो. आक्का वैरण टाकत होती. मी दावी तपासायच्या निमित्तानं तिथं बसलो. त्या शनिवारी आणि त्यानंतरच्या काही शनिवारी आक्का माझ्याशी बोलली. लग्नानंतर पहिल्यांदाच नीट बोलली. सासू काय म्हणते, मूल नाही म्हणून पंगतीला तिला कुठं बसवतात, दाजींची पेन्शन कुणाच्या कनवटीला असते. रडली नाही. वैरण टाकता टाकता सांगायची, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं. एकदा हसून म्हणाली, "तू येतोस तवा गाडीचा आवाज पायथ्यापास्नं येतोय. म्या भाकरी तव्यावर टाकते."

दाजी गोठ्याच्या दाराशी येऊन उभे राहायचे. "काय बहीण-भावाचं चाललंय?" म्हणायचे. आक्का वैरणीकडं वळायची, मी दावं ओढून बघायचो.

मग माझ्या रागानं घात केला. एका शनिवारी त्यांनी पुन्हा चाकू काढला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आवं दाजी, उतार तुमचा आन् चढ माझा, ह्यो कुठला न्याय? तुमी घसरत येता, मी जाळत येतो. आन् वर खाच वाढवायची?"

सोप्यात सासू दळण निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. "ऐकलंस का गं?" ती आत बघून म्हणाली. "तुझा भाऊ तेलाचा न्याय मागाय आलाय. आमी न्हवतो त्येला बोलवाय गेलो."

दाजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चाकू मिटला.

"बराबर बोलत्यात पाव्हणं," ते म्हणाले. "चुकलंच आपलं. पुढल्या शनवारपास्नं गाडी खालीच ठेवा, हॉटेलात. मी उतरून येतो, मीच वर घिऊन जातो. चढ माझा. तुमाला तरास नको, तुमचं तेल बी नको. झालं समाधान?"

मी मागितलं ते सगळं मिळालं होतं. एवढा सौदा मी उभ्या जन्मात जिंकला नव्हता. आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. काय म्हणणार होतो, मला चढ हवा आहे? आक्का दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं, माझ्या आधी कळलं होतं. सासू सूप उचलत म्हणाली, "बेस झालं. पाव्हणं सणासुदीला येत्यात, त्येलाच मान असतोय."

त्यानंतर दर शनिवारी मी गाडी पायथ्याच्या हॉटेलात लावायचो आणि शिराळ्याकडं जाणाऱ्या एसटीची वाट बघत बाकावर बसायचो. दाजी यायचे, रामराम करायचे, गियर पाडून सहज चढून जायचे. पायथ्यापासून आवाज येतो, हे आक्कानं सांगितलेलं मला माहीत होतं. वर ती तव्यावर भाकरी टाकत असेल का, की आवाज ऐकून तिला कळत असेल की गाडीवर मी नाही, हा विचार करत मी बसायचो. एसटीनं वर जायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण कुठलं निमित्त घेऊन जाणार? गेलो तरी सासूचं तोंड आक्काला दिवसभर ऐकावं लागणार. मी वर चढलो की ओझं तिच्यावर पडायचं.

पुढं मी स्वतःची गाडी घेतली, हिरवी गाडी त्यांनाच सोडली. विट्याला दुकान काढलं, सांगलीत गोदाम घेतलं. आक्काला दिवाळीला आणि पंचमीला भेटत राहिलो, उंबऱ्यात, सगळ्यांसमोर. सासू गेली तरी ती रीत तशीच राहिली. दाजींना विचारावं असं अनेकदा जिभेवर आलं. दर वेळी वाटायचं, ती त्या घरात आहे, तिला तिथं राहायचं आहे. मी तोंड बांधून घेतलं. जी गाठ मी स्वतः मारली होती, ती मला सोडता आली नाही.

मागच्या पावसाळ्यात आक्का गेली. आता त्या घरात माझं कुणी नाही, तिथं कुणाला जपायचं नाही. म्हणून हे लिहितो आणि पेपरात देतो.

दाजी, तुम्ही अजून आहात. तब्येत ठणठणीत आहे, चष्मा लावून सोप्यात रोज पेपर वाचता, म्हणजे हेही वाचाल. तेलाचं सोडा. खाचांचं सोडा, त्या काडीचा मी हिशेब मागत नाही. तुम्ही स्वतः गियर पाडत होता आणि मला टॉपला ठेवायला सांगत होता, ते थोडं तेल वाचवायला नव्हतं. गाडी तुमचीही होती, इंजिन तुमचंही जळत होतं. मग ते कशासाठी होतं? मी उशिरा पोचावं म्हणून? तिनं गोठ्यात मला काही सांगू नये म्हणून? आणि मी चढ शिकलो तेव्हा तुम्ही चढच काढून घेतला, तो माझ्या भल्यासाठी?

मी येतो आहे. गाडी घेऊन येतो, दुसऱ्या गियरवर. पायथ्यापासून आवाज ऐकू येईल. तोवर उत्तर काढून ठेवा.